चपलेचा पट्टा

७ एप्रिल, दवाखाना

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. म्हणून नुसतं बाबा. तेवढं तर तुम्ही आहातच.

डावा हात गळ्यात बांधलाय, त्यामुळे कागद धरता येत नाही. नर्सबाईंनी कागदावर पाण्याची बाटली ठेवून दिली आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हेही रक्तातच आहे म्हणू नका. कालपासून तुम्ही माझं सगळंच रक्तात आहे म्हणताय.

हो, पाहिलं मी. समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि रिमोट शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे असतो. त्यांना शर्यतींतलं काही कळत नाही, पण गाडी उलटलेली दिसली म्हणून त्यांनी चॅनल बदललं नाही. माझीच गाडी होती. पुन्हा पुन्हा उलटत होती. मग तुम्ही आलात, निळा कोट घालून. म्हणालात, “पोरगी वाघीण आहे. बरोबर वेळेला हात स्टिअरिंगवरून आत घेतले, मान आवळली. हे शिकवून येत नाही. रक्तात असावं लागतं.”

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, “पण उस्ताद, गाडीवर डोक्याभोवती बसवलेल्या त्या धातूच्या संरक्षक पट्ट्यानं वाचवलं असं सगळे म्हणताहेत.”

तुम्ही हसलात. “तो चपलेचा पट्टा? आमच्या वेळी गाड्यांवर चपला नव्हत्या. गाड्यांत माणसं होती.”

सगळा स्टुडिओ हसला. आजीही हसल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी आवाज कमी केला. त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं की हा माणूस माझा बाप आहे.

आता काय झालं ते ऐका. तुम्ही स्टुडिओत होतात, मी गाडीत होते.

लांब डाव्या वळणावर मागच्या गाडीचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकावर चढलं. आपल्या गाड्यांची चाकं उघडी, एक फिरतं रबर दुसऱ्या फिरत्या रबराला चिकटलं की गाडी उडते, हे तुम्हाला मी काय सांगणार. माझी उडाली, पालथी पडली आणि तशीच पालथी खडीतून घासत टायरांच्या भिंतीपर्यंत गेली. हात आत घेतले म्हणता ना? नाही घेतले. दोन्ही हातांनी तोंड झाकायला गेले, घाबरलेलं मूल झाकतं तसं. हात हेल्मेटवर आपटले. ही तुमची वाघीण.

मग सगळं थांबलं आणि मी बेल्टांना उलटी लटकले होते. हेल्मेटच्या फटीतून खडीची भुकटी तोंडात आली होती. पेट्रोलचा वास येत होता. आणि मी कपड्यांत मुतले होते, बाबा. उलट्या टांगलेल्या माणसाचं ते कुठे वाहत जातं याचा जरा विचार करा. पोटावरून छातीवर, छातीवरून गळ्याशी. हेही टीव्हीवर सांगा. म्हणा, रक्तात आहे.

डोळ्यांसमोर त्या चपलेच्या पट्ट्याची आतली बाजू होती. त्याच्या पलीकडे लगेच जमीन.

बाहेरून मार्शल ओरडत होता, “बेल्ट सोडू नका, बाई! सोडलात तर डोक्यावर पडाल!” मी म्हटलं, बरं. अगदी साधं, दूधवाल्याला म्हणावं तसं. सगळं कळत होतं मला. एक क्षणसुद्धा हुकला नाही.

आणि तेव्हा मला लांब्याकाका आठवले. तुमचे जोडीदार, तुमच्याच गॅरेजमधले, मी शाळेत जायच्या आधी असेच पालथ्या गाडीखाली गेलेले. आपल्याकडे चार माणसं जमली की तुम्ही त्यांची गोष्ट सांगायचात. “लांब्याला काही कळलंच नाही. बटण बंद करावं तसा गेला.” ती ऐकत मी मोठी झाले. ऐकताना बरं वाटायचं.

बाबा, कळतं.

बारकी


१९ एप्रिल, घर

बाबा,

परवा आई येऊन गेली. तुम्हीच तिला सोडलंत म्हणे, आणि खाली गाडीत बसून राहिलात.

मी म्हटलं, “वर का नाही आले?”

“त्यांना जिने चढवत नाहीत गं हल्ली.”

“लिफ्ट आहे, आई.”

ती माझ्या उशीचा अभ्रा सारखा करत राहिली. मग म्हणाली, “तू तरी कशाला ताणतेस? त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही का?”

माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या गटाच्या चालकांनी हा पट्टा सक्तीचा करा म्हणून सह्या दिल्या, तेव्हा तुम्ही टीव्हीवर आम्हाला ‘भित्री पोरं’ म्हणालात. त्यावर मी घरी येऊन विचारलं, मीपण? तर तुम्ही जेवणाच्या ताटावरून मान न उचलता म्हणालात, “सही केलीस ना?” मी त्याच दिवशी बॅग भरली. तेव्हापासून आपण एकमेकांशी आईमार्फत बोलतो. बिचारी टपाल खात्यात लागली.

आई गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही काच खाली करून सिगारेट ओढत होतात. एकदाही वर पाहिलं नाहीत. मला अक्षरशः ओकारी आली. औषधांमुळेही असेल. पण मी औषधांना दोष देणार नाही.

काल वर्कशॉपमध्ये गेले. आमच्या मुख्य इंजिनिअरबाईंनी माझी गाडी, म्हणजे जे उरलंय ते, लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली आहे. डोक्यामागची कमान घासून घासून निम्मी झाली आहे, पेन्सिल शार्पनरमध्ये घालावी तशी. पुढच्या पट्ट्यावर बोट जाईल एवढे खोल ओरखडे आहेत आणि त्यात अजून खडी अडकली आहे.

मी विचारलं, “नुसती मागची कमान असती तर?”

बाई सरळ बोलतात. म्हणाल्या, “पालथी गाडी टेकायला दोन ठिकाणं लागतात. मागे कमान, पुढे हा पट्टा. पट्टा नसता तर गाडी पुढे कलली असती आणि टेकायला तुझं हेल्मेट सापडलं असतं.” मग त्यांनी चहा मागवला.

तुमची बाजू मी रोज मनात मांडून पाहते, खोटं नाही सांगत. पट्ट्याचा समोरचा खांब नजरेत येतो म्हणता. पहिल्या फेरीत येतो, मग डोळे त्याला विसरतात. घरातल्या खांबाला धडकतो का आपण? वजन वाढतं म्हणता. वाढतं. आग लागली आणि गाडी पालथी असली तर बाहेर यायला अवघड जातं म्हणता. हे मात्र खरं आहे, आणि ह्याचीच मला भीती वाटत होती, तो पेट्रोलचा वास येत होता तेव्हा. पण बाहेर यायला आधी मान शाबूत लागते. मार्शलांनी गाडी एका बाजूनं उचलली आणि त्या पट्ट्यानं राखलेल्या जागेतून मला ओढून काढलं. जागाच नसती तर काय ओढलं असतं त्यांनी?

राहता राहिलं, वाईट दिसतं. हे तुमचं सगळ्यांत आवडतं कारण. गाडीची रेषा बिघडते. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आहे, पण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आई बोलता बोलता सांगून गेली की आता लहान गटाच्या गाड्यांनाही पट्टा सक्तीचा करायचा का, हे ठरवणाऱ्या समितीत तुम्ही आहात. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची डोकी तुमच्या हातात. तुम्ही पाच म्हातारे, आणि पाचांतला एकही आता गाडीत बसत नाही.

मी त्या बैठकीला येणार आहे. चालकांच्या वतीनं. आईकडून निरोप नको म्हणून स्वतः कळवते आहे.

बारकी


४ मे

बाबा,

काकूंकडे जाऊन आले. लांब्याकाकांच्या पत्नीकडे. तुम्ही किती वर्षांत गेला नाहीत हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

चष्म्यांचं दुकान अजून त्याच चालवतात. आत काळ्या पडद्यामागे डोळे तपासायची खुर्ची, बाहेर काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रांगा. मला पाहून त्या उठल्या, गळ्यातली झोळी पाहिली, आणि मिठी मारायला पुढे आलेले हात त्यांनी हवेतच थांबवले. म्हणाल्या, “कुठे धरू तुला?” मग माझा उजवा हात धरून बसल्या. गिऱ्हाईक आलं तरी सोडला नाही.

मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. शेवटी विचारलं, “काकू, काकांना कळलं होतं का?”

त्यांनी एका चष्म्याची काडी उघडली, मिटली. म्हणाल्या, “तुझे बाबा सगळ्यांत आधी पोचले होते.”

“ते म्हणतात, बटण बंद करावं तसे गेले.”

“ते नंतर म्हणायला लागले. त्या दिवशी इथे येऊन ह्याच स्टुलावर बसले होते. रडत होते. मला म्हणाले, वहिनी, तो बोलत होता. उस्ताद, मान, मान, असं म्हणत होता. मी गाडी उचलायला गेलो, माझ्यानं उचलली नाही.”

मी त्या स्टुलाकडे पाहिलं.

“मग शोकसभेत त्यांनी ते बटणाचं सांगितलं,” काकू म्हणाल्या. “मी ऐकलं. खोटं आहे हे त्या सगळ्या गर्दीत दोघांनाच माहीत होतं. पण मला तेच बरं वाटलं गं. माझी पोरं लहान होती. त्यांना काय सांगणार होते मी, तुमचा बाप मान मान म्हणत गेला?”

तिथपर्यंत मी समजू शकते, बाबा. देवाशपथ समजू शकते. एका बाईला आणि तिच्या पोरांना बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं मी गिळेन.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही ते जेवणाच्या टेबलावर आणलंत, पार्ट्यांना नेलंत, टीव्हीवर मिरवलंत. ‘आमच्या वेळी माणसं झटक्यात जायची, कुरकुर नव्हती.’ लांब्याकाकांच्या मरणाची तुम्ही फुशारकी केलीत. आणि आता त्याच फुशारकीच्या जोरावर पोरांच्या डोक्यावर काही ठेवायला नको म्हणताय. मला ह्याची किळस येते. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

निघताना मी काकूंना विचारलं, “गरज पडली तर हे मी बैठकीत बोलू?”

त्या म्हणाल्या, “पोरं मोठी झाली आता. बोल. पण आधी त्यांना संधी दे. स्वतःहून सांगितलं तर तू गप्प बस.”

म्हणून हे पत्र. ही संधी आहे. काकूंनी दिलेली, मी नाही.

बारकी


२१ मे

बाबा,

बैठकीला तुम्ही होतात, पण तुमची नजर सगळा वेळ टेबलाच्या काठावर होती. तेव्हा मी काय पाहिलं ते लिहिते.

खोलीत एसी इतका गार होता की पाचही म्हाताऱ्यांनी कोट चढवले होते. भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो. सगळ्या सुंदर, खरंच. सडपातळ, सरळ रेषेच्या, आणि प्रत्येकीतून माणसाचं डोकं उशीवर ठेवल्यासारखं वर आलेलं. तुमचाही फोटो होता. शेजारच्या गाडीत लांब्याकाका होते, त्यांचं डोकं मागच्या कमानीच्याही वर. ते इतक्या वर्षांत कोणाला दिसलं नाही? मला दारातूनच दिसलं.

आमच्या इंजिनिअरबाईंनी आकडे सांगितले. ज्यांना तुम्ही सगळे मेजर म्हणता ते मध्येच म्हणाले, “बाई, आकड्यांनी शर्यत होत नाही.” दुसरे एक जण बिस्किट खात होते. माझी गाडी पडद्यावर उलटली तेव्हाही खात होते.

मग अध्यक्षांनी तुम्हाला बोलायला सांगितलं. मी मनात म्हणत होते, सांगा. आता सांगा. मी टाळी वाजवीन, बाबा.

तुम्ही उठलात. म्हणालात, “मी मित्र गमावलाय ह्या खेळात. लांब्या क्षणात गेला, त्याला काही कळलंच नाही. असला पिंजरा असता तर आत अडकून तडफडला असता.” आणि आवाज भरून आला तुमचा. सवयीनं. कुठे भरून यायचा हे त्याला पाठ आहे.

मी उठून उभी राहिले. हात गळ्यातल्या झोळीत, मला वाटतं मी फार काही रुबाबदार दिसत नव्हते. म्हटलं, “ते तडफडलेच. ते बोलत होते. उस्ताद, मान, मान, असं म्हणत होते. हे उस्तादांनीच त्यांच्या बायकोला सांगितलंय. आणि मला बोलायला तिची परवानगी आहे.”

बिस्किटवाले चावायचे थांबले.

मेजर म्हणाले, “हे घरगुती भांडण इथे कशाला?”

मी म्हटलं, “डोकं घरगुती असतं, साहेब. प्रत्येकाच्या घरचं असतं.”

अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं, “उस्ताद, हे खरं आहे?” तुम्ही खाली बसलात. कोटाचं बटण लावायला गेलात, ते आधीच लावलेलं होतं.

मत घेतलं तेव्हा दोन हात वर गेले बाजूनं, दोन विरुद्ध. तुमचे दोन्ही मांडीवर. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. तरी मांडीवरच. मग अध्यक्षांनी आपलं जादा मत बाजूनं टाकलं आणि ठराव झाला. पुढच्या मोसमापासून लहान गटाच्या प्रत्येक गाडीवर पट्टा.

बाहेर आल्यावर इंजिनिअरबाई म्हणाल्या, “तुझ्या वडिलांमुळे झालं.”

मी म्हटलं, “त्यांनी काहीच केलं नाही.”

“विरुद्ध गेले असते तर पडला असता ना?”

मला ते नको होतं, बाबा. हात वर करायचा होता तुम्ही, किंवा खाली आपटायचा होता. मांडीवर हात ठेवून बसलेला बाप मला कोणत्या खणात ठेवायचा तेच कळेना. घरी येऊन अंघोळ केली. पुन्हा केली. अंगावरून त्या खोलीतला गारठा आणि बिस्किटांचा वास जाईना.

जिंकल्याचा आनंद वगैरे झाला नाही. पोरांना कळवलं, पोरं नाचली. त्यांतल्या एकीनं विचारलं, “ताई, त्यानं गाडी घाण दिसेल का हो?” मी म्हटलं, “दिसेल.”

बारकी


१२ जून

बाबा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. काकूंनी बोलावून घेतलं, म्हणून लिहिते.

तुम्ही दुकानात आलात म्हणे. भर दुपारी, दुकान रिकामं असताना. म्हणालात, नंबर बदललाय वाटतं, अंधुक दिसतं. काकूंनी पडद्यामागे नेलं, खुर्चीवर बसवलं, दिवा मालवला आणि समोरची अक्षरं लावली. “वाचा,” म्हणाल्या. तुम्ही वरची ओळ वाचलीत. दुसरी वाचलीत. तिसरीशी थांबलात.

काकू म्हणाल्या, “मला वाटलं दिसत नाहीये. म्हणून काच बदलली. तर म्हणाले, वहिनी, दिसतंय.”

आणि मग त्या अंधारात तुम्ही त्यांना सांगितलंत. शर्यतीच्या आधी लांब्याकाकांनी तुम्हाला म्हटलं होतं, माझं डोकं कमानीच्या वर येतंय, कमान जरा उंच करून घेऊ या. गॅरेज दोघांचं होतं, पण शब्द तुमचा चालायचा. आणि तुम्ही म्हणालात, “उंटासारखी दिसेल रे गाडी.” ते हसले. तुम्हीही हसलात. कमान तेवढीच राहिली.

हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्यांना ते आत्ता, ह्या वयात, स्वतःच्या दुकानात कळलं.

मी विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?”

“दिवा लावला,” त्या म्हणाल्या. “त्यांचं तोंड पाहिलं. म्हटलं, तुम्ही जा आता.”

“आणि ते?”

“गेले. जाताना दाराच्या काचेवर आपटले. खरंच नंबर बदललाय त्यांचा.”

रस्त्यावरून माणसं जात होती, काचेत स्वतःला पाहून केस सारखे करत होती. काकूंनी विचारलं, “तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, “किळस.”

“मलाही,” त्या म्हणाल्या. “रात्रभर भांडी घासत बसले मी. स्वच्छ होती तरी.”

‘वाईट दिसतं’ हे तुमचं आवडतं कारण का होतं ते मला आता कळलं. एकदा जरी म्हणाला असतात की पट्टा हवा, कमान उंच हवी, तर पुढचं वाक्य लांब्याकाकांचं आलं असतं. ते येऊ नये म्हणून इतकी वर्षं टीव्हीवर हसत राहिलात. आणि ते हसू टिकावं म्हणून दुसऱ्यांच्या पोरांना उघड्या डोक्यानं पाठवायला तयार झालात. हे कळल्यानं माझा राग कमी झाला असं समजू नका. उलट आता त्याला धरायला जागा सापडली आहे. पण एक खरं सांगते. मांडीवर ठेवलेले ते हात मला आता थोडे वेगळे दिसतात. वर न करता येणारे. खालीही न आपटता येणारे. माफ केले नाहीत. दिसतात एवढंच.

मी पुन्हा गाडीत बसणार की नाही, हे आईकरवी विचारलंत. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही आत्ताच सांगते आहे आणि टीव्हीवर ऐकू आलं तर हे शेवटचं पत्र समजा. बोटं सुधारली तर बसेन. मला अजून ते आवडतं. तेही तुमच्याकडूनच आलंय, काय करू.

आता कामाचं. त्या दिवशी तुम्हाला घालवून दिल्यावर काकूंनी तुमच्या डोळ्यांचा नंबर लिहून ठेवला होता, जेवढा तपासून झाला होता तेवढा. चष्मा बनवला आहे. मी म्हटलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, “अंधुक दिसतं म्हणाले ना. गाडी चालवतात अजून. कोणाच्या अंगावर घालतील.” आणि मग म्हणाल्या, “त्यांना सांग, स्वतः येऊन घेऊन जा. बायकोला पाठवू नका. आणि ह्या खेपेला दिवा लागलेला असेल. जे सांगितलं ते माझ्या दोन्ही मुलांसमोर पुन्हा सांगायचं.”

गुरुवारी चार वाजता. मुलं यायची आहेत. मीही असेन. तुमच्या शेजारी बसणार नाही, काकूंच्या बाजूला बसेन. पण दार ढकलून उघडायचं असतं तिथलं, ओढायचं नाही, आणि काच स्वच्छ पुसलेली असते, दिसत नाही. मी दाराशी उभी राहीन.

बारकी